स्प्रिंगस्टीनच्या माळ्यावरची गाणी: नवख्यांनी शिडी कुठे लावायची?

माझ्या काकांकडे मैफलींच्या कॅसेटी होत्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने राग, गाव, तारीख आणि तबल्याला कोण ते लिहिलेलं. यमन एकच, गावं चार, आणि चारही यमन वेगळे असं काका शपथेवर सांगायचे. अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या नादी लागलेल्या माणसाचीही पुढेमागे हीच गत होते. दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डी ऐकून संपतात आणि मग कळतं, आपण नुसते दिवाणखान्यात बसून होतो. वर माळा आहे. टाकून दिलेली गाणी, दुसऱ्यांना देऊन टाकलेली गाणी, एकाच रात्री एकाच गावात गायलेली परकी गाणी, सगळं तिथे रचून ठेवलंय.

हा गडी न्यू जर्सीचा, १९४९ चा जन्म. पहिली रेकॉर्ड १९७३ ची. पन्नास वर्षं सतत लिहिणाऱ्या माणसाचा माळा केवढा असेल याचा अंदाज करा. नवखा माणूस उत्साहाने पंचवीस-तीस कार्यक्रम एकदम उतरवून घेतो, दोन ऐकतो आणि कंटाळून सोडून देतो. मीही तेच केलं होतं. म्हणून हा क्रम. त्यात तुमच्या मनाने फेरफार करा, पण पहिली पायरी गाळू नका.

पायरी १: आधी चार रेकॉर्डी

'बॉर्न टू रन' (१९७५), 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन' (१९७८), 'द रिव्हर' (१९८०) आणि 'नेब्रास्का' (१९८२). एवढ्या चार नीट ऐका, गाण्यांचे शब्द समोर ठेवून. दोन आठवडे पुरतात. 'बॉर्न इन द यूएसए' (१९८४) तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असणारच.

याचं कारण सोपं आहे. एखादं गाणं का टाकलं हे कळायला काय ठेवलं ते माहीत असावं लागतं. स्प्रिंगस्टीन गाणं वाईट म्हणून टाकत नाही. रेकॉर्डच्या सुराशी जुळत नाही म्हणून टाकतो. त्यामुळे त्याच्या टाकाऊ ढिगात दुसऱ्या कुणाचं अख्खं करिअर उभं राहील असा माल निघतो, आणि काही जणांचं राहिलंही.

पायरी २: गाणं दुर्मीळ का झालं ते आधी विचारा

'दुर्मीळ' या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. त्या वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ संपतो.

पहिला प्रकार, रेकॉर्डमधून वगळलेलं गाणं. यातला सगळ्यात श्रीमंत काळ 'डार्कनेस'चा. १९७६ मध्ये पहिला मॅनेजर माइक अपेल आणि स्प्रिंगस्टीन यांचं कोर्टात जुंपलं आणि १९७७ च्या मे महिन्यात तडजोड होईपर्यंत पुढच्या रेकॉर्डचं काम अडलं. स्टुडिओचं दार उघडलं तेव्हा गाण्यांचा लोंढा आला. रेकॉर्डवर त्यातली फक्त १० घेतली.

दुसरा प्रकार, देऊन टाकलेलं. 'बिकॉज द नाइट' हे गाणं त्याच लोंढ्यातलं. ते काही त्याच्याकडून पुरं होईना. त्याचा ध्वनिमुद्रक जिमी आयोव्हीन त्याच वेळी पॅटी स्मिथ या गायिकेची रेकॉर्ड करत होता. तो टेप तिच्याकडे घेऊन गेला, तिने स्वतःचे शब्द घातले आणि १९७८ मध्ये ते तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. 'फायर' हे एल्विस प्रेस्ली डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं. १९७७ च्या ऑगस्टमध्ये एल्विस गेला. पुढे पॉइंटर सिस्टर्स या बहिणींच्या गटाने ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. आणि 'ब्लाइंडेड बाय द लाइट' तर त्याच्या स्वतःच्या पहिल्याच रेकॉर्डवरचं; १९७७ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं, पण मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडच्या आवाजात. गीतकार म्हणून त्याला पहिला क्रमांक मिळाला तो असा, दुसऱ्याच्या गळ्यातून.

तिसरा, बी-साइड. ज्यांनी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: एका बाजूला खपणारं गाणं, उलट्या बाजूला भरतीचं. स्प्रिंगस्टीनची उलटी बाजू बरेचदा सुलट्या बाजूपेक्षा चांगली असे. १९७९ च्या मार्चअखेर पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, आणि काही दिवसांतच त्याने 'रूलेट' रेकॉर्ड केलं. घाबरून घर सोडणारा माणूस, ढोल अंगावर येणारे. हे गाणं 'द रिव्हर'वर आलं नाही. नऊ वर्षांनी, १९८८ मध्ये, 'वन स्टेप अप' या संथ गाण्याच्या पाठीवर ते निघालं. चुकून तबकडी उलटी लावणाऱ्याला काय धक्का बसला असेल!

बाकी दोन प्रकार म्हणजे फक्त मंचावर गायलेलं आणि दुसऱ्याचं. त्यांना पुढे स्वतंत्र जागा दिली आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

पायरी ३: 'ट्रॅक्स'मध्ये शिरा, पण सरळ रेषेत नको

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये 'ट्रॅक्स' नावाचा चार सीडींचा संच निघाला. ६६ गाणी. माळ्यावरून त्याने स्वतः उतरवलेलं हे पहिलं मोठं गाठोडं. आज ते कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर मिळतं. मी मात्र तो संच जुन्या सीडींच्या एका दुकानातून घेतला होता, आणि घरी येऊन उघडला तर तिसऱ्या सीडीच्या जागी कुणाच्या तरी लग्नाची सीडी. त्यामुळे १९८२-८४ चा काळ माझ्या कानाला दोन वर्षं उशिरा पडला. सनई चांगली होती.

हा संच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू नका. एका वेळी सहा गाणी पुरे, आणि प्रत्येक वेळी त्याच काळातली छापील रेकॉर्ड शेजारी. सुरुवातीला 'थंडरक्रॅक' लावा. १९७३ मध्ये हे गाणं कार्यक्रमाच्या शेवटी लांबलचक चालायचं. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं होतं, ते १९९८ मध्ये जुन्या साथीदारांना बोलावून, वर आवाज चढवून पुरं केलं. एकाच गाण्यात चोविशीतला आणि पन्नाशीला टेकलेला आवाज एकत्र आहेत. त्यानंतर 'झीरो अँड ब्लाइंड टेरी', 'माय लव्ह विल नॉट लेट यू डाउन', 'फ्रँकी'. मग थांबा.

आता 'ट्रॅक्स'मध्ये काय नाही ते पाहा. 'द प्रॉमिस' नाही. १९७६ पासून मंचावर गायलेलं, चाहत्यांनी चोरट्या टेपांवर झिजवलेलं हे गाणं संचात नाही म्हटल्यावर ओरड झाली. त्यावर १९९९ मध्ये '१८ ट्रॅक्स' ही एक सीडी आली, तिच्यात त्याने ते नव्याने, एकट्याने पियानोवर गायलं. बँडसकट मूळ काळातलं रूप यायला २०१० उजाडलं. त्या संचाचं नावच 'द प्रॉमिस'.

या एका गाण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. आधी 'बॉर्न टू रन'मधलं 'थंडर रोड' लावा. गाडी दारात, मुलगी पायरीवर, चल निघू या, समोर सगळा रस्ता मोकळा. ते संपलं की लगेच 'द प्रॉमिस'ची १९९९ ची पियानोवाली आवृत्ती. यातही गाडी आहे. निवेदकाने ती स्वतःच्या हाताने बांधली होती आणि पैशांची नड आली तेव्हा विकली. आणि मध्येच तो 'थंडर रोड' हे नाव उच्चारतो, पण आता ते पुढचा रस्ता म्हणून येत नाही, हातून निसटलेल्या गोष्टीचं नाव म्हणून येतं. कितीतरी जणांनी हे कोर्टकज्ज्याचं गाणं मानलं. मला ते तेवढं लहान वाटत नाही. मग २०१० ची बँडवाली आवृत्ती ऐका, आणि व्हायोलिनांमुळे गाणं वाढतं की सौम्य होतं ते स्वतः ठरवा. माझं मत पियानोला.

'ट्रॅक्स'चा दुसरा भाग २०२५ च्या जूनमध्ये आला: ८३ गाणी, सात अख्ख्या रेकॉर्डी, ज्या त्या-त्या वेळी निघाल्याच नाहीत. नवख्याने यात लगेच उडी घेऊ नये. घ्यायचीच तर 'स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया सेशन्स'पासून, जिथे नव्वदीच्या सुरुवातीचे यांत्रिक ठेके आणि एकट्या माणसाचा आवाज आहे. नंतर 'इन्यो', मेक्सिकोच्या सीमेवरच्या माणसांची गाणी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'नेब्रास्का'चा विस्तारित संचही निघाला. मूळ 'नेब्रास्का' म्हणजे घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केलेला कच्चा खर्डा. बँडबरोबर पुन्हा करून पाहिलं, ते काही जमेना, म्हणून कॅसेटच छापली. बँडबरोबरचा तो फसलेला प्रयत्न चाहत्यांच्या दंतकथेत चाळीस वर्षं होता, आता ऐकायला मिळतो. ऐकून मला तरी कॅसेटच छापली ते बरं झालं असं वाटलं.

पायरी ४: दुसऱ्याचं गाणं. आधी मूळ, मग त्याचं

इथे एकच नियम, आणि तो मोडू नका: मूळ गाणं आधी ऐका. एरवी कव्हर, म्हणजे परक्या गाण्याचं नवं गायलेलं रूप, ऐकून 'छान म्हटलंय' यापलीकडे काही हाती लागत नाही.

सरावाला 'जर्सी गर्ल' घ्या. मूळ अमेरिकन गायक टॉम वेट्सचं, १९८० चं. खरखरीत गळा, रात्रीचा उशीर, जरा झिंगलेला प्रेमिक. स्प्रिंगस्टीनने हे १९८१ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतच, घरच्या लोकांसमोर गायलं, आणि ते रेकॉर्डिंग पुढे १९८४ मध्ये 'कव्हर मी'च्या उलट्या बाजूवर आलं. आता दोन्हींचे शब्द शेजारी ठेवा. वेट्सच्या गाण्यात आठव्या अव्हेन्यूवरच्या वेश्या आहेत. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यात त्यांच्या नुसत्या मुली होतात. दुसरं म्हणजे शेवटी त्याने स्वतःचं एक कडवं जोडलंय, त्यात ती थकलेली दिसते, आणि तो तिला बाहेर घेऊन जायला आलाय. वेट्सचा माणूस प्रेमात पडलाय. स्प्रिंगस्टीनच्या माणसाला प्रेमात पडून काही वर्षं झालीत. एवढ्या दोन बदलांनी गाणं एका माणसाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात गेलं.

मग 'ट्रॅप्ड'. मूळ जमैकाच्या जिमी क्लिफचं. १९८१ च्या युरोप दौऱ्यापासून स्प्रिंगस्टीन ते गाऊ लागला. कडवं इतकं दबलेलं की आवाज वाढवावासा वाटतो, आणि वाढवू नका, कारण ध्रुवपद आलं की भिंत कोसळते. १९८४ चं मंचावरचं रेकॉर्डिंग १९८५ च्या 'वी आर द वर्ल्ड' या मदतनिधीच्या रेकॉर्डवर आहे. ती रेकॉर्ड एका गाण्यासाठी घेणाऱ्या लाखो घरांत हे रत्न न ऐकता पडून असणार.

तिसरं 'ड्रीम बेबी ड्रीम'. सुइसाइड या न्यूयॉर्कच्या दोघांच्या बँडचं, यंत्राच्या घरघरीवर तरंगणारं. 'नेब्रास्का'मधल्या 'स्टेट ट्रूपर'वर या बँडची सावली आहे हे स्प्रिंगस्टीनने स्वतः कबूल केलंय. २००५ च्या एकट्याच्या दौऱ्यात तो कार्यक्रमाचा शेवट यानेच करायचा, पायपेटीसारख्या ऑर्गनवर. तीच ओळ पुन्हा पुन्हा. आपल्या भजनात टाळकरी एका ओळीवर घोटाळत राहतात आणि पाचव्या फेरीनंतर अर्थ बदलतो, त्याच जातीचं हे काम. २०१४ च्या 'हाय होप्स'वर याची स्टुडिओ आवृत्ती आहे. ती नीटनेटकी आहे, पण मंचावरच्या रूपाची सर तिला नाही.

परक्या गाण्यांच्या दोन अख्ख्या रेकॉर्डीही आहेत. २००६ ची 'वी शॅल ओव्हरकम: द सीगर सेशन्स' जरूर घ्या: पीट सीगर या लोकगायकाने जपलेली लोकगीतं, घरच्याच शेतावर, तालमीशिवाय, तीन वेगवेगळ्या दिवसांत उरकलेली. वाजवता वाजवता वादक एकमेकांना शोधताना ऐकू येतात. २०२२ ची 'ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह' ही सोल गाण्यांची. आवाज सुरेख लागलाय, पण सगळं फार इस्त्रीचं. सवडीने ऐका.

पायरी ५: पुठ्ठ्यावरची फर्माईश

गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याच्या कार्यक्रमांत एक प्रथा रुजली. लोक गाण्याचं नाव लिहिलेले पुठ्ठे घेऊन येतात, तो गर्दीच्या कडेने फिरत ते गोळा करतो आणि एखादा उचलून बँडला दाखवतो. आपल्याकडे मैफलीत चिठ्ठी जाते, बुवा वाचून हसतात आणि बाजूला ठेवतात. इथे चिठ्ठी अख्ख्या मैदानाला दिसते, त्यामुळे सुटका नाही.

यातला पाहायलाच हवा असा प्रसंग ७ जुलै २०१३ चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. त्याच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर आहे. पुठ्ठ्यावर रॉक अँड रोलच्या आद्य गायकांपैकी एक, चक बेरी, याचं १९६४ मधलं 'यू नेव्हर कॅन टेल'. बँडने बसवलेलं नाही. तो गिटारवर एक पट्टी धरून बघतो, स्वतःशी गुणगुणतो, नाही म्हणतो, दुसरी धरतो. मागे वादक आपापल्या वाद्यावर चाचपडतायत. मग तो शिंगवाल्यांकडे वळतो, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांकडे, आणि त्यांचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवतो. त्यांनी तो उचलला की हजारोंच्या मैदानात गाणं उभं राहतं, आणि शेवटी प्रत्येक शिंगवाला पुढे येऊन आपला तुकडा वाजवून जातो. बंदिश मैफलीतच बसतेय आणि आपण ती बसताना पाहतोय.

हे पाहताना एक जुनी गोष्ट माहीत असावी. १९७३ मध्ये स्प्रिंगस्टीनच्या बँडने मेरीलँडमध्ये खुद्द चक बेरीला साथ केली होती. बेरी ऐन वेळी आला, गिटारची पेटी घेऊन. आज कुठली गाणी, असं विचारलं तर उत्तर मिळालं, चक बेरीची. पट्टी सांगितली नाही, क्रम सांगितला नाही. हा किस्सा स्प्रिंगस्टीनने बेरीवरच्या १९८७ च्या चित्रपटात स्वतः सांगितलाय. चाळीस वर्षांनी लाइपझिगमध्ये पट्टी शोधणारा माणूस तोच.

पुठ्ठ्यांशिवाय आणखी एक सवय: ज्या गावात जाईल त्या गावाचं गाणं. २०१४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्बेनमध्ये बी जीज या भावांच्या बँडचं 'स्टेइन अलाइव्ह', कारण त्या भावांचं लहानपण त्या भागात गेलं. पुढच्याच महिन्यात ऑकलंडला लॉर्ड या तिथल्या तरुण गायिकेचं 'रॉयल्स', एकट्याने, गिटारवर. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये सांतियागोला चिलीचाच गायक व्हिक्टर हारा याचं 'मॅनिफिएस्तो', स्पॅनिशमध्ये. चिलीतल्या लष्करी उठावाला आणि हाराच्या हत्येला त्याच महिन्यात चाळीस वर्षं होत होती. उच्चार तुटके आहेत. प्रेक्षकांचे चेहरे पाहा. आणि २३ एप्रिल २०१६, ब्रुकलिन: गायक प्रिन्स जाऊन दोन दिवस झालेले, सुरुवातच त्याच्या 'पर्पल रेन'ने, गिटारवर बँडमधला निल्स लॉफग्रेन.

पायरी ६: चोरट्या टेपा, अधिकृत भांडार आणि पेन्सिल

१९७८ च्या दौऱ्यात त्याचे पाच कार्यक्रम रेडिओवरून थेट गेले. लॉस एंजेलिस, क्लीव्हलँड, पसेइक, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को. लोकांनी ते घरी टेप केले आणि बुटलेगचा, म्हणजे चोरून छापलेल्या रेकॉर्डींचा, धंदा त्यावर वर्षानुवर्षं जगला. आता चोरीची गरज उरलेली नाही. २०१४ पासून त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जुने कार्यक्रम एकेक करून विकत मिळतात, आणि नवीन दौऱ्यांचे कार्यक्रम तर थोड्याच दिवसांत. पहिला कार्यक्रम क्लीव्हलँडच्या अगोरा या नाट्यगृहातला, ९ ऑगस्ट १९७८ चा घ्या. छोटी जागा, बँड पेटलेला. कानाची फार चिकित्सा नसेल तर एमपी३ पुरे. चांगले हेडफोन असतील तर थोडे जास्त पैसे टाकून फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल, घ्या.

यूट्यूबवर 'कधीही न ऐकलेलं' अशी पाटी असली की सावध व्हा. निम्म्या वेळा ते 'ट्रॅक्स'मधलंच असतं, कधी दुसऱ्याच कुणाचा आवाज, आणि हल्ली यंत्राने घडवलेला खोटा गळाही. तारीख आणि गाव दिलेलं नसेल तर विश्वास ठेवू नका. दिलं असेल तर चाहत्यांनी चालवलेल्या ब्रूसबेस या नोंदवहीत त्या रात्रीच्या गाण्यांची यादी ताडून पाहा.

आणि स्वतःची वही करा. गाव, तारीख, गाणं कुठून आलं, मूळ कुणाचं, ढोलावर कोण. शेवटचं गमतीने म्हणत नाही: १९७४ पासून मॅक्स वाइनबर्ग वाजवतो, पण २००९ मध्ये काही कार्यक्रमांना त्याचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा जे बसला होता, आणि त्या रात्रींची लय जराशी पुढे पळते.

वहीत एक ओळ आपल्या बाजूची. ३ जुलै १९८८ ला स्टॉकहोममध्ये स्प्रिंगस्टीनने बॉब डिलनचं 'चाइम्स ऑफ फ्रीडम' गायलं आणि त्याच मंचावरून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांच्या जगदौऱ्यात सामील होत असल्याचं जाहीर केलं. ते रेकॉर्डिंग त्याच नावाच्या चार गाण्यांच्या तबकडीवर आहे. तो दौरा ३० सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आला: स्टिंग, पीटर गेब्रियल, ट्रेसी चॅपमन, युसू एन्दूर आणि हा. तेव्हा कॉलेजात असलेले, दिल्लीत राहणारे कुणी मामा-आत्या तुमच्या नात्यात असतील तर विचारून बघा. काय काय गायले, पाऊस होता का, कुठे उभे होतात. पेन्सिल जवळ ठेवा.